क्षणजीवी रानभूछत्रांचे मॅक्रो छायाचित्रण : सौंदर्य, काळ आणि पुरावा यांचा समीक्षात्मक विचार

गोषवारा

पावसाळ्यात रानात उगवणारी अनेक भूछत्रे काही तासांत, फार तर काही दिवसांत नाहीशी होतात. त्यांचे मॅक्रो छायाचित्रण डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रसारानंतर एक स्वतंत्र प्रकार म्हणून रुजले आहे. प्रस्तुत लेखात या प्रकाराची प्रचलित शैली, तिचे तंत्र आणि तिचा कलेतिहासातील वारसा यांची चिकित्सा केली आहे. काळी पार्श्वभूमी, संपूर्ण स्पष्टता आणि एकाकी मांडणी या तीन संकेतांमुळे भूछत्राचा काळ, त्याचे आकारमान आणि त्याचा परिसर चित्रातून वगळला जातो, असे येथे प्रतिपादन केले आहे. वस्तू नष्ट झाल्यानंतर छायाचित्र हाच बहुधा मागे उरणारा पुरावा असतो. त्यामुळे हे वगळणे केवळ अभिरुचीचा प्रश्न न राहता ज्ञानाचाही प्रश्न बनते.

बीजशब्द : भूछत्र, मॅक्रो छायाचित्रण, क्षणजीवित्व, रूपवाद, लौकिकतावाद, जीवदीप्ती.

१. प्रस्तावना

एखादी गोष्ट एकाएकी, उदंड आणि अल्पायुषी उगवली, की मराठी माणूस तिला पावसाळ्यातील छत्र्यांची उपमा देतो. या उपमेत कौतुक नाही, उपहास आहे. 'कुत्र्याची छत्री' या लोकनामात तर तुच्छता उघडच दिसते. दुसरीकडे 'अळंबी' हा शब्द ऐकताच कोकणातील माणसाच्या तोंडाला पाणी सुटते. विदर्भात वारुळावर येणाऱ्या 'सात्या' आणि गोव्यातील 'ओळमी' यांची लोक पावसाबरोबर वाट पाहतात. म्हणजे भूछत्राकडे पाहण्याच्या दोनच दृष्टी लोकव्यवहाराने जोपासल्या होत्या : खाण्याजोगे आणि टाकण्याजोगे. निव्वळ पाहण्याजोगे भूछत्र ही तिसरी कोटी मुख्यतः कॅमेऱ्याने निर्माण केली.

ही कामगिरी लहान नाही. बुरशीवर्गातील सुमारे दीड लाख जातींचेच आजवर शास्त्रीय वर्णन झाले आहे. प्रत्यक्षात या वर्गात २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, असा अंदाज हॉक्सवर्थ आणि ल्युकिंग या अभ्यासकांनी २०१७ साली मांडला. इतक्या मोठ्या आणि इतक्या दुर्लक्षित जीवसृष्टीकडे सामान्य माणसाचे लक्ष वेधण्याचे श्रेय छायाचित्रकारांना दिलेच पाहिजे. तथापि लक्ष वेधणे आणि समज वाढविणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मॅक्रो छायाचित्रणाची आजची रूढ शैली पहिल्या क्रियेत यशस्वी आणि दुसरीत उणी का ठरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. क्षणजीवी काय आहे?

प्रथम 'क्षणजीवी' या विशेषणाची तपासणी करणे आवश्यक आहे. डोळ्याला दिसणारे भूछत्र हा संपूर्ण जीव नव्हे. तो त्या जीवाचा फलकाय होय; आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तसे बुरशीला भूछत्र. खरा जीव म्हणजे माती, पालापाचोळा किंवा लाकूड यांत पसरलेले सूक्ष्म तंतूंचे कवकजाल. फळ एका रात्रीचे असले, तरी जाळे दीर्घायुषी असू शकते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या मॅल्हूर अरण्यात आर्मिलॅरिया बुरशीचे एकच कवकजाल सुमारे ९६५ हेक्टर क्षेत्रावर पसरलेले आढळले असून त्याचे वय हजारो वर्षांचे मानले जाते.

एका रात्रीत उगवण्याची ख्यातीही अर्धीच खरी आहे. भूछत्राच्या बहुतेक पेशी कळीच्या अवस्थेतच तयार झालेल्या असतात. पाऊस पडताच त्या पाणी शोषून ताणल्या जातात आणि छत्र उघडते. जे एकाएकी घडलेले दिसते, त्याची सिद्धता बरीच आधी झालेली असते.

या अल्पायुष्याचे उत्तम उदाहरण म्हणजे शाई-छत्रे. पूर्वी ही सर्व भूछत्रे कोप्रिनस या एकाच प्रजातीत गणली जात. २००१ साली रेणवीय अभ्यासाच्या आधारे त्यांची कोप्रिनस, कोप्रिनॉप्सिस, कोप्रिनेलस आणि पॅरासोला अशी विभागणी करण्यात आली. त्यांतील पॅरासोला प्लिकॅटिलिस हे चुण्याचुण्यांचे, कागदासारखे पातळ भूछत्र गवतात रात्री उगवते आणि चोवीस तासांच्या आत कोमेजून लोळते. कोप्रिनस कोमॅटस या मोठ्या जातीचे छत्र कडेपासून वर विरघळत जाते आणि त्यातून काळा द्रव ठिबकतो.

हे विरघळणे म्हणजे कुजणे नव्हे. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे बुरशीशास्त्रज्ञ रेजिनाल्ड बुलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा उलगडा केला. या भूछत्राचे कल्ले, म्हणजे छत्राखालील पातळ पडदे, एकमेकांना इतके चिकटून असतात की आतील बीजाणू सहज बाहेर पडू शकत नाहीत. बीजाणू कडेकडून वर पिकत जातात. ज्या भागातील बीजाणू हवेत सुटले, तो भाग स्वतःला पचवून टाकतो आणि त्यामुळे वरच्या भागाला वाट मोकळी होते. एका छत्रातील बीजाणूंची संख्या बुलर यांनी पाच अब्जांहून अधिक मोजली होती. तात्पर्य, ज्या क्षणी भूछत्र 'बिघडले' असे पाहणाऱ्यास वाटते, त्या क्षणी ते आपले मुख्य कार्य करीत असते. छायाचित्रकार मात्र बहुधा याच क्षणी कॅमेरा आवरतो. या विसंगतीत पुढील सर्व चर्चेचे बीज आहे.

३. निकटतेचे तंत्र आणि त्याचे मोल

मॅक्रो छायाचित्रण म्हणजे वस्तूची प्रतिमा संवेदकावर वस्तूइतक्याच आकाराची, म्हणजे एकास एक प्रमाणात, किंवा त्याहून मोठी उमटविणे. या निकटतेचे मोल स्पष्टतेच्या खोलीत मोजावे लागते. पूर्ण आकाराच्या संवेदकावर, एकास एक प्रमाणात, एफ ८ इतके छिद्र ठेवले, तर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. प्रमाण दुप्पट केले की तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतका उरतो. छिद्र लहान करीत गेल्यास खोली थोडी वाढते. परंतु प्रकाशाच्या विवर्तनामुळे सारीच प्रतिमा मऊ पडते. म्हणजे दोन सेंटिमीटरचे भूछत्रही एका चित्रात आरपार स्पष्ट दाखविणे भिंगाच्या शक्तीबाहेरचे आहे.

यावर फोकस स्टॅकिंग हा उपाय निघाला. फोकस किंचित किंचित सरकवीत दहा-वीस, कधी शंभरांहून अधिक चित्रे घेतली जातात आणि संगणक त्यांतील स्पष्ट पट्टे निवडून एक चित्र जुळवितो. परिणाम मोहक असतो. छत्राच्या कडेवरील दवबिंदूपासून दांड्यावरील लवेपर्यंत सारे काही सारखेच स्पष्ट होते. पण अशा चित्राला एक क्षण नसतो. शाई-छत्रासारखे भूछत्र या अवधीतही हालत, वाकत, उमलत असते. जुळविलेल्या चित्रात त्याची पुढची कड एका मिनिटाची, तर मागची पुढच्या मिनिटाची असते. असे पूर्ण स्पष्ट रूप कोणत्याही क्षणी कोणत्याही डोळ्याने पाहिलेले नसते. छायाचित्र म्हणजे गोठलेला क्षण, ही रूढ व्याख्या येथे लागू पडत नाही.

याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. मानवी डोळाही वस्तूवरून फिरत फिरत तिचे रूप मनात जुळवितो. प्रश्न तंत्राचा नाही. तंत्रापाठोपाठ आलेल्या संकेतांचा आहे. हे संकेत तीन आहेत. पहिला, फ्लॅशच्या मर्यादित पल्ल्याने किंवा मागे काळा पुठ्ठा धरून साधलेली काळी पार्श्वभूमी. दुसरा, चित्रातील सर्व भागांना मिळणारी एकसारखी स्पष्टता. तिसरा, आजूबाजूचे गवत, काटक्या, किडे, चिखल दूर सारून साधलेले एकाकीपण. या तिन्हींच्या संयोगाने भूछत्र मखमलीवर मांडलेल्या दागिन्यासारखे दिसते. ते सुंदर दिसते यात शंका नाही. पण दागिना क्षणजीवी नसतो.

४. रूपवादाचा वारसा

ही दागिन्याची शैली छायाचित्रकारांनी आज शोधून काढलेली नाही. तिचा ठळक पूर्वज म्हणजे बर्लिनमधील कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ड (१८६५-१९३२). त्यांच्या वनस्पतिचित्रांचा 'उरफॉर्मेन डेर कुन्स्ट' हा संग्रह १९२८ साली प्रसिद्ध झाला. घरी बनविलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी कळ्या, देठ, कोंब यांची अनेक पटींनी मोठी केलेली चित्रे साध्या, रिकाम्या पार्श्वभूमीवर घेतली. त्यांचा हेतू उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना नक्षीकामासाठी निसर्गातील आकृतिबंध पुरविणे हा होता. रिकामी पार्श्वभूमी ही त्या अध्यापनाची गरज होती. फळ्यावर आकृती काढताना शिक्षक भोवतीचा तपशील गाळतो, तसे हे गाळणे होते.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ सालच्या छायाचित्रणाच्या इतिहासावरील निबंधात ब्लॉसफेल्ड यांच्या चित्रांचा आवर्जून उल्लेख केला आहे. वनस्पतीच्या कोंबांत प्राचीन वास्तूंचे स्तंभ दिसू लागतात, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. उघड्या डोळ्याच्या जाणिवेबाहेर राहिलेले दृश्य कॅमेरा जाणिवेत आणतो, हा त्यांचा विचार मॅक्रो छायाचित्रणाचे तात्त्विक समर्थन म्हणून आजही उपयोगी पडतो. मात्र ब्लॉसफेल्ड यांची शैली जशीच्या तशी भूछत्राला लावताना एक फरक विसरला जातो. देठाचा आकृतिबंध बराच काळ टिकतो. भूछत्राचा टिकत नाही. स्थिर रूपासाठी घडलेली दृष्टी अस्थिर रूपावर लादली, तर त्या रूपाचे मर्मच हातून निसटते.

मराठी सौंदर्यविचाराने या प्रश्नाला योग्य ती परिभाषा आधीच दिली आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचा उगम कलाकृतीच्या घटकांमधील संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत शोधला. या कसोटीवर काळ्या पार्श्वभूमीवरील भूछत्राचे चित्र सहज उत्तीर्ण होते. कल्ल्यांच्या पुनरावृत्तीत संवाद आहे, उजळ छत्र आणि अंधार यांत विरोध आहे, दांड्याच्या वक्रतेत आणि छत्राच्या भारात समतोल आहे. चित्रातील वस्तू भूछत्र आहे की चिनी मातीचा प्याला, याने या गुणांत फरक पडत नाही. हेच या कसोटीचे बळ आणि हीच तिची मर्यादा.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव कल्पून सौंदर्यव्यवहार या दोहोंच्या ताणात समजावून घेतला. भूछत्राचे छायाचित्र या ताणाचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. ते रूप म्हणून स्वायत्त असते आणि त्याच वेळी अमुक रानात, अमुक लाकडावर, अमुक पावसानंतर उगवलेल्या एका जीवाची नोंद असते. नुसता पहिला ध्रुव स्वीकारला तर चित्र दागिना होते; नुसता दुसरा स्वीकारला तर ते ओळखपत्र होते. उत्तम चित्रात हा ताण संपत नाही, तो चित्रात काम करीत राहतो.

५. कॅमेऱ्यापूर्वीची निकटता

असा ताण सांभाळता येतो, याचा दाखला कॅमेऱ्याबाहेरच आढळतो. मुलांसाठी लिहिलेल्या ससोबाच्या कथांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या बिट्रिक्स पॉटर यांनी त्यापूर्वी अनेक वर्षे भूछत्रांची जलरंगातील अभ्यासचित्रे काढली होती. बीजाणूंच्या अंकुरणावरील त्यांचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या सभेत मांडला गेला. स्त्रियांना तेथे प्रवेश नसल्यामुळे त्या स्वतः उपस्थित राहू शकल्या नाहीत. त्यांची चित्रे पुढे १९६७ साली डब्ल्यू. पी. के. फिंडले यांच्या भूछत्रांवरील ग्रंथात वापरली गेली. चित्रे काढल्यानंतर सत्तर वर्षांनी ती शास्त्रीय ग्रंथाला उपयोगी पडली, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

या टिकाऊपणाचे कारण चित्रांच्या मांडणीत आहे. भूछत्र वरून कसे दिसते, खालून कसे, उभे कापल्यावर कल्ले दांड्याला कसे जोडलेले आहेत, हे एकाच पानावर शेजारी शेजारी दाखविण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली. जलरंगाची नजाकत कोठेही उणी होत नाही, आणि माहितीही उणी होत नाही. एकच दिमाखदार दर्शन देण्याऐवजी अनेक साधी दर्शने एकत्र ठेवणे, ही वृत्ती आजच्या चित्रमालिकांत क्वचितच आढळते.

६. काळ दाखविण्याचे प्रयत्न

स्थिर चित्रात हरवलेला काळ परत आणण्याचा मार्ग म्हणजे कालसंक्षेपी चित्रण. ठराविक अंतराने घेतलेली चित्रे सलग दाखविली की मंद क्रिया डोळ्याला दिसते. दर पाच मिनिटांनी एक चित्र घेतल्यास चोवीस तासांची २८८ चित्रे होतात आणि सेकंदाला २४ या गतीने ती बारा सेकंदांत संपतात. एका शाई-छत्राचे सारे दृश्य आयुष्य अशा रीतीने एका श्वासाच्या हिशेबात येते.

या क्षेत्रात ऑस्ट्रेलियातील स्टीफन अ‍ॅक्सफर्ड यांचे काम लक्षणीय आहे. २०१६ सालच्या 'प्लॅनेट अर्थ टू' या मालिकेत त्यांच्या कालसंक्षेपी चित्रणाचा समावेश झाला. उमलणे, फाकणे, कलंडणे या क्रिया त्यात प्रत्यक्ष दिसतात. भूछत्र ही वस्तू नसून घटना आहे, हे एकही शब्द न वापरता पटते. काळ्या पार्श्वभूमीचा संकेत येथेही पुष्कळदा पाळलेला असतो; परंतु हालचालीमुळे त्याचा दोष बराच सौम्य होतो.

तरीही कालसंक्षेपाला स्वतःचा एक मोह आहे. गती वाढली की भूछत्र प्राण्यासारखे वाटू लागते. ते मान वर काढते, पाचोळा झटकते, शेजाऱ्याला ढकलते. पाहणारा त्यात जिद्द, शर्यत, विजय असे मानवी भाव वाचतो. पार्श्वसंगीत त्याला साथ देते. अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय होय. पण हा विस्मय दोन प्रकारचा असू शकतो. 'किती वेगळे!' हा एक आणि 'हे असे कसे होते?' हा दुसरा. पहिला तेथेच शमतो, दुसरा अभ्यासाकडे नेतो. कालसंक्षेपी चित्रण दुसऱ्या विस्मयाच्या अधिक जवळ जाते, विशेषतः जेव्हा ते उमलण्याच्या शिखरावर न थांबता विरघळण्यापर्यंत टिकून राहते. शेवटचे ते काही सेकंद ठेवावेत की कापावेत, हा संकलनाचा निर्णय प्रत्यक्षात समीक्षेचा निर्णय असतो.

७. मेघालयातील प्रकाश

चित्र आणि ज्ञान यांच्या सहकार्याचे एक भारतीय उदाहरण येथे विस्ताराने पाहणे उचित ठरेल. मेघालयात मृत बांबूवर उगवणाऱ्या आणि अंधारात प्रकाशणाऱ्या एका भूछत्राचे वर्णन २०२० साली 'फायटोटॅक्सा' या नियतकालिकात रोरिडोमायसेस फायलोस्टॅकिडिस या नावाने प्रसिद्ध झाले. पूर्व खासी टेकड्यांतील मॉलिनाँगच्या परिसरात आणि पश्चिम जैंतिया टेकड्यांतील क्रांगसुरी येथे ते आढळले. या निबंधाच्या लेखकांत शास्त्रज्ञांबरोबर स्टीफन अ‍ॅक्सफर्ड आणि चित्रपटकार कॅथरिन मार्सिनियाक यांचीही नावे आहेत. स्थानिक लोकांना हे प्रकाशणारे बांबू परिचित होते आणि रात्री रानवाटेने जाताना ते अशा काठ्या हाती घेत. त्यांच्याच सांगण्यावरून संशोधक त्या जागी पोहोचले. म्हणजे या शोधात तीन प्रकारच्या दृष्टींचा वाटा आहे : गावकऱ्याची, छायाचित्रकाराची आणि वर्गीकरणशास्त्रज्ञाची.

या भूछत्राच्या चित्रातील एक तपशील अर्थपूर्ण आहे. त्याचे छत्र प्रकाशत नाही, दांडा प्रकाशतो. अंधारातील चित्रात हिरव्या रेघा दिसतात आणि त्यांच्या माथ्यावर छत्रांचे केवळ सूचन असते. येथे काळी पार्श्वभूमी हा सजावटीचा संकेत उरत नाही. ती वस्तुस्थिती असते. शिवाय छत्र उजळ आणि दांडा दुय्यम ही नेहमीची श्रेणी उलटते. चित्राचे सौंदर्य आणि जातीचे लक्षण येथे एकच आहेत. रूप आणि नोंद यांचा ताण चित्रात कसा काम करतो, हे यातून स्पष्ट व्हावे.

याच चित्रप्रकारात एक सूक्ष्म अतिशयोक्तीही दडलेली असते आणि ती नजरेआड करता येणार नाही. जीवदीप्तीचा प्रकाश अत्यंत मंद असतो. तो टिपण्यासाठी कॅमेऱ्याचा पडदा कित्येक सेकंद, प्रसंगी कित्येक मिनिटे उघडा ठेवावा लागतो. संवेदक तेवढा वेळ प्रकाश साठवीत राहतो. डोळा असा साठा करू शकत नाही. मंद प्रकाशात मानवी डोळ्याला रंगही नीट कळत नाही. त्यामुळे चित्रातील झळाळता हिरवा प्रत्यक्ष रानात बहुधा फिकट, पांढुरकी आभा म्हणून दिसतो. भीमाशंकरच्या अरण्यात पावसाळी रात्री प्रकाशणारे कुजके लाकूड पाहण्यास जाणाऱ्या पर्यटकाच्या वाट्याला निराशा येते, ती याच कारणाने. त्याने चित्र पाहिलेले असते, पण चित्राला लागलेला वेळ त्याला कोणी सांगितलेला नसतो. चित्राखाली 'अमुक सेकंदांचे प्रकाशन' एवढी नोंद असती, तर चित्राचे सौंदर्य कमी झाले नसते आणि रानाचा अपमानही टळला असता.

८. आकारमान आणि परिसर

काळानंतर दुसरे वगळणे आकारमानाचे. टर्मिटोमायसेस या प्रजातीचे उदाहरण घ्यावे. आफ्रिकेतील टर्मिटोमायसेस टायटॅनिकसचे छत्र सुमारे एक मीटर व्यासाचे होऊ शकते, तर भारतातही आढळणाऱ्या टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पसचे छत्र जेमतेम दोन सेंटिमीटरचे असते. चौकट भरून घेतलेल्या चित्रात दोन्ही सारखीच भव्य दिसतील. मॅक्रो भिंग लहानाला मोठे करते, पण किती मोठे केले हे चित्र स्वतः सांगत नाही. शेजारी एक मुंगी, एखादे गवताचे पाते किंवा शेणाचा कण राहू दिला तरी हे काम होते. नेमक्या याच गोष्टी चित्र घेण्यापूर्वी 'कचरा' म्हणून काढल्या जातात.

तिसरे वगळणे परिसराचे. टर्मिटोमायसेस हे एकट्याचे जगणे नाही. वाळवी वारुळात या बुरशीची शेती करते. मोठ्या जातींचे भूछत्र जमिनीखालील त्या बागेपासून मुळासारखा लांब दांडा फोडून वर येते. कोकणातील किंवा गोव्यातील माणूस ठराविक वारुळाजवळ ठराविक पावसात अळंबी शोधतो, तेव्हा त्याच्या ज्ञानात वारूळ, वाळवी आणि पाऊस हे सारे सामावलेले असते. छत्राच्या टोकदार माथ्याच्या निकटचित्रात यांपैकी काहीच नसते. चित्र तांत्रिकदृष्ट्या जितके परिपूर्ण, तितके ते या बाबतीत अळंबी काढणाऱ्या माणसाच्या नजरेहून दरिद्री ठरते.

याचा व्यावहारिक धोकाही आहे. भूछत्राची ओळख पटण्यास छत्राचा वरचा भाग पुरत नाही. कल्ल्यांची दांड्याशी असलेली जोडणी, बीजाणूंचा रंग, आणि विशेषतः दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखा कोश आहे की नाही, हे पाहावे लागते. अ‍ॅमानिटा प्रजातीतील प्राणघातक जातींत हा कोश बहुधा मातीत दडलेला असतो. वरून घेतलेल्या सुंदर चित्राच्या आधारे भूछत्र खाद्य ठरविणे जिवावर बेतू शकते.

शास्त्रीय संग्रहात सुकविलेला नमुना हाच मूळ आधार मानला जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा असा नमुनासंग्रह आहे. परंतु सुकताना भूछत्राचा रंग, ओलावा आणि आकार नाहीसा होतो, आणि शाई-छत्राच्या बाबतीत तर सुकविण्यापूर्वीच ते विरघळण्याची भीती असते. जिवंत रूप कसे होते, हे सांगणारे साधन मग छायाचित्रच उरते. ज्या वस्तूची पुन्हा पडताळणी करता येत नाही, तिच्या चित्रावरील जबाबदारी साहजिकच वाढते. डोंगर पुन्हा जाऊन पाहता येतो. कालचे भूछत्र पाहता येत नाही.

९. एक आक्षेप आणि त्याचा विचार

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, कलाकृतीवर ज्ञानाचे ओझे लादणे हा जुनाच बोधवाद आहे. छायाचित्रकार हा पाठ्यपुस्तकाचा चित्रकार नव्हे. शिवाय याच सुंदर चित्रांमुळे बुरशीसृष्टीला प्रतिष्ठा मिळू लागली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जाती-संरक्षण आयोगाने २०२१ साली प्राणी आणि वनस्पती यांच्या बरोबरीने बुरशींचा स्वतंत्र उल्लेख करण्याचे धोरण जाहीर केले. अशा बदलाला पोषक वातावरण निर्माण होण्यात या चित्रांचा वाटा नाकारता येणार नाही.

आक्षेपातील दुसरा भाग मान्य करावा लागतो. पहिला भाग मात्र विषयाला धरून नाही. येथे ज्ञानाची मागणी सौंदर्याबाहेरून केलेली नाही. क्षणजीवित्व हे या चित्रांचे घोषित आकर्षण आहे. 'एका रात्रीचे आयुष्य' असे शीर्षक देऊन जे चित्र त्या आयुष्याची एकही खूण ठेवीत नाही, ते माहितीत कमी पडण्याआधी कला म्हणूनच कमी पडते. ज्या भूछत्राची कड काळी पडू लागली आहे, ज्याच्या अंगावर एक माशी बसली आहे, ज्याच्या दांड्याजवळ कालचे लोळलेले भूछत्र आणि उद्याची कळी एकत्र दिसतात, त्या चित्रातील संवाद आणि विरोध दागिन्याच्या चित्रातील संवाद-विरोधाहून अधिक समृद्ध असतात. मर्ढेकरांच्या कसोटीवरही ते उणे ठरत नाही. परिसर गाळल्याने चित्र शुद्ध होत नाही. ते सोपे होते.

१०. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात :

(१) भूछत्र हे दीर्घायुषी जीवाचे अल्पायुषी फळ आहे. त्याचे चित्रण करताना या दोन काळांचा संबंध सूचित होणे, हे चित्राच्या आशयाचे अंग आहे.

(२) काळी पार्श्वभूमी, सर्वत्र स्पष्टता आणि एकाकी मांडणी हे संकेत स्थिर रूपांच्या चित्रणातून आलेले आहेत. अस्थिर रूपाला ते विचारपूर्वकच वापरले पाहिजेत.

(३) फोकस स्टॅकिंग आणि दीर्घ प्रकाशन ही तंत्रे दोषास्पद नाहीत. त्यांचा उल्लेख टाळणे दोषास्पद आहे. प्रकाशनाचा काळ, वर्धनाचे प्रमाण, स्थळ, दिनांक आणि आधारद्रव्य एवढी नोंद चित्रासोबत असावी.

(४) एका दिमाखदार चित्राऐवजी वरून, खालून, बुडाशी आणि परिसरासह अशी चित्रमाला कलेच्या आणि पुराव्याच्या दोन्ही दृष्टींनी अधिक टिकाऊ ठरते.

(५) स्थानिकांचे ज्ञान, छायाचित्रकाराची नजर आणि शास्त्रज्ञाची चिकित्सा यांचा मेळ मेघालयात फलदायी ठरला. सह्याद्रीच्या परिसरातील महाविद्यालयांना असा प्रयत्न आपल्याच आवारापासून आरंभता येईल. वनस्पतिशास्त्र, मराठी आणि कला या विभागांना एकत्र आणणारा याहून स्वस्त उपक्रम क्वचितच सापडेल. त्याला पाऊस, शेणखताचा एक ढीग आणि साधा कॅमेरा पुरेसा आहे.

शाई-छत्र आपली कड गाळीत जाते, तेव्हाच त्याचे बीजाणू वाऱ्यावर जातात. तो काळा पडलेला क्षण चौकटीत घेण्याची तयारी ज्या छायाचित्रात असेल, ते भूछत्राला 'कुत्र्याची छत्री' या तुच्छतेतून सोडवील आणि दागिन्याच्या पेटीतही बंद करणार नाही.